भरलेल्या फीचं काय?

मी नागपुरात समुपदेशक आहे. निकाल लागून पुढच्या वर्षाची फी भरायची वेळ आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी हिंगणा रोडवरच्या इंजिनीअरिंगच्या मुलाकडून, कधी भंडाऱ्याहून येऊन नंदनवनात रूम करून राहणाऱ्या फार्मसीच्या मुलीकडून. "मॅडम, हे मला जमत नाहीये. पण आता सोडलं तर भरलेल्या फीचं काय?" आईवडिलांचा प्रश्नही तोच असतो, फक्त आवाज चढलेला असतो.

निनादची गोष्ट (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) सांगते, कारण त्याच्याशी बोलताना या प्रश्नाच्या पोटात काय काय असतं ते एकदमच बाहेर आलं. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष झालेलं. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) बॅक, त्याआधीचा एक विषय कसाबसा सुटलेला. वडील एसटीत कंडक्टर, गणेशपेठ डेपोला. निम्मी ट्यूशन फी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून, बाकीचं शैक्षणिक कर्ज. आवड विचारली तर अगदी हळू आवाजात म्हणाला, "भूगोल." नकाशे, उपग्रहाची चित्रं, जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशाशास्त्र. इंजिनीअरिंगच्या वह्यांच्या मागच्या पानांवर वैनगंगेचं खोरं काढलेलं मी पाहिलं आहे.

"मग अडलं कुठे?"

"बाबांवर चार लाखांचं कर्ज आहे, मॅडम. मी कसा सोडू?"

मी त्याला कर्जखात्याचं स्टेटमेंट आणायला सांगितलं. मुलं अशा वेळी जरा हिरमुसतात. मनातलं ऐकायला बसलेली बाई बँकेचे कागद मागते म्हणजे काय! पण पैशाची भीती अंधारात वाढते, म्हणून आधी दिवा लावायचा, ही माझी पद्धत. कागद आले. मंजूर रक्कम चार लाख. बँकेनं कॉलेजच्या खात्यात आजवर भरलेली रक्कम एक लाख नव्वद हजार.

"पण कर्ज तर चार लाखांचं आहे ना?"

"मंजूर चार लाख आहे. शैक्षणिक कर्ज वर्षावर्षानं, फी भरण्यापुरतं सुटतं. उरलेले दोन लाख दहा हजार अजून तुम्ही घेतलेलेच नाहीत."

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग आम्ही कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला गेलेले पैसे. ते इंजिनीअर झालास तरी गेलेच, नाही झालास तरी गेलेच, त्यामुळे निर्णयात त्यांना मत नाही. दुसऱ्या बाजूला यापुढचे. मेकॅनिकल पुढे नेलं तर दोन वर्षांची फी, शिवाय बॅकचे परीक्षा अर्ज. भूगोल घेतला तर अनुदानित कॉलेजच्या बी.ए.ची फी, जी इंजिनीअरिंगच्या आसपासही जात नाही. पण वर्षं तीन, म्हणजे कमाईला लागायला निदान एक वर्ष उशीर. हा उशीरही मी लिहायला लावते. मुलांना तो लिहायचा नसतो.

हिशेब त्याच्या बाजूनं झुकत होता. तरी चेहरा होता तसाच. तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"समजा, उद्या सकाळी बँकेनं सगळं कर्ज माफ केलं. एक रुपया देणं नाही. मग सोडशील?"

मला वाटलं होतं, ‘आजच’ म्हणेल. बरीच मुलं म्हणतात, आणि मग गाठ खरोखर पैशाची असते; ती कागदावर सुटते. निनाद काहीच बोलला नाही. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते. मी घाई केली नाही. अशा शांततेत बोलायचा मोह आवरणं, हेच आमच्या कामातलं अर्धं कौशल्य आहे असं मी शिकाऊ समुपदेशकांना सांगते.

"तरी नाही सोडता येणार," तो शेवटी म्हणाला. "बाबा डेपोत सगळ्यांना सांगून बसले आहेत, पोरगा इंजिनीअर होऊन राहिला म्हणून."

इथे प्रश्नाचं तोंड फिरलं. इतके दिवस आम्ही फीबद्दल बोलत होतो. अडकलेला मुलगा मात्र डेपोच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता. लाजेला पैशाचे कपडे घातले की ती इभ्रतदार दिसते. ‘मला लोकांची भीती वाटते’ म्हणण्यापेक्षा ‘बाबांचे पैसे बुडतील’ म्हणणं सोपं, आणि त्यात आपण गुणी मुलगाही ठरतो.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं काम करते, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारानं. त्यामुळे निनादला ‘लोक काही म्हणणार नाहीत’ असा खोटा दिलासा मी दिला नाही. लोक म्हणतील. मी विचारलं ते इतकंच, की म्हटल्यावर पुढे नेमकं काय होईल? मंगळवारी बोलतील, बुधवारीही बोलतील. त्यापुढचं त्याला सांगता येईना.

मग वडील आले, ड्युटी संपवून, खाकी गणवेशातच. मुलानं चाचरत सांगितलं. चार लाखांचा उल्लेख आला तसा त्यांनी हात वर केला.

"मॅडम, चार लाख घेतले नाही आपण. एक नव्वद घेतले. मले माहीत आहे, सही मीच केली नं. यानं मले विचारलंच नाही."

"आणि डेपोत?" मी विचारलं.

"डेपोत कोणाले फुरसत आहे? दोन दिवस बोलतील, मग दुसऱ्याचं पोरगं भेटते त्यांले." मग मुलाकडे वळून, वेगळ्याच स्वरात, "पण दोन वर्षं माह्याशी खोटं काहून बोलला तू?"

त्यांना लागलं होतं ते हे. त्यावरची बोलणी पुढे बरीच चालली, आणि भूगोल शिकून काय होणार हे त्यांना अजून पटलेलं नाही. पण रोजचा वेबिलाचा, म्हणजे तिकिटांच्या जमेचा हिशेब करणारा माणूस, आमचा कागद त्यांनी ओढून घेतला आणि त्याकडे बघत विचारलं, "तिसऱ्या वर्षाची फी भराची तारीख कोणती?"

इतक्या मुलांमध्ये हा प्रश्न सगळ्यात आधी विचारणारं मला कुणी भेटलं नव्हतं, आणि तोच सगळ्यात महागाचा आहे. कोर्स बदलल्यानं जाणारे पैसे बहुतेक वेळा बदलण्यानं जात नाहीत, लांबवण्यानं जातात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना पाहा. प्रवेशाची जी अखेरची तारीख जाहीर होते तिच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा जाता सगळी फी परत. त्या १५ दिवसांच्या आत ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर शून्य. पुढे काही वर्षांसाठी यूजीसीनं याहून सैल मुदतीही दिल्या, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक पाहावं. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला वेगळी मुदत असते. तिच्या आत रद्द केलं तर १००० रुपये कापतात, नंतर अनामत सोडून हाती काही लागत नाही.

निनादनं तिसऱ्या वर्षाची फी भरलेलीच नव्हती, म्हणून हे कोष्टक त्याला लागलं नाही. त्याला लागली बँक. शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नसतो. पण कोर्सच सोडला की ही सवलत गृहीत धरता येत नाही. म्हणून बापलेक कॉलेज सोडण्याआधी शाखेत गेले, उरलेली रक्कम नको असं लेखी दिलं आणि हप्ते कधीपासून ते ठरवून घेतलं. निनाद आता संध्याकाळी खामल्यात शिकवण्या घेऊन त्यातला थोडा भाग भरतो.

शिष्यवृत्तीचंही लक्षात असू द्या. ती एका अभ्यासक्रमावर मिळालेली असते, दुसऱ्याकडे आपोआप चालत येत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज आणि नवी पात्रता. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तर वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर त्या वर्षाची रक्कम परत मागण्याचा अधिकार शासनाकडे आहे. सोडायचंच असेल तर वर्ष पुरं करून सोडा, असं मी म्हणते ते यासाठी. मिळवलेले क्रेडिट्स, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात सात वर्षं राहतात. नवीन कॉलेज त्यातले किती धरेल हे मात्र तिथेच, प्रवेशाआधी, लेखी विचारावं.

आणि एखादं कॉलेज म्हणालं, ‘उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मग टीसी आणि मार्कशीट,’ तर घाबरून पैसे भरू नका. ज्या सत्राचं वा वर्षाचं शिक्षण घ्यायचं, तेवढ्याचीच फी आगाऊ घेता येते आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे त्याच २०१८ च्या अधिसूचनेत आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लोकपालाची तरतूद आहे. कॉलेजच्या तक्रार समितीत निभावलं नाही तर त्याच्याकडे जाता येतं.

एकच विषय राहिला म्हणून अख्खा कोर्स सोडायला निघालेल्यांसाठी यातलं काहीच नाही. बॅकचा परीक्षा अर्ज भरा, एम-थ्रीला चांगली शिकवणी लावा आणि दिवाळीनंतर या. तेव्हाही सोडावंसं वाटत असेल तर येताना कर्जाचं मंजुरीपत्र, खात्याचं स्टेटमेंट आणि फीच्या पावत्या घेऊन या. आणि शक्य असेल तर वडिलांना.