‘लेस मिस्टेक्स’ चूक की बरोबर?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय : मुलीनं इंग्रजी निबंधात ‘लेस मिस्टेक्स’ लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारून ‘फ्युअर’ केलं. पण इंग्रजी सिनेमांत तर सर्रास ‘लेस’च ऐकू येतं. मग खरं काय?

ताई, परीक्षेपुरतं बाईंचं ऐका. दोन्हीचा अर्थ ‘कमी’च, पण मोजता येतं तिथं फ्युअर, येत नाही तिथं लेस. घागरी फ्युअर, पाणी लेस.

आता मार्कांचं सोडून बोलू. हा नियम पहिल्यांदा दिसतो तो रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाच्या १७७० सालच्या पुस्तकात. तोही नियम म्हणून नाही. लोक संख्येलाही बहुतेक ‘लेस’च लावतात हे तो स्वतःच सांगतो, आणि मला आपलं तिथं ‘फ्युअर’ बरं वाटतं, एवढंच म्हणतो. त्याच्या आवडीचा कायदा पुढच्यांनी केला. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लेखनातसुद्धा मोजायच्या गोष्टींना ‘लेस’ लागलेलं आहे.

याहून गंमत ‘मोर’ची. जुन्या इंग्रजीत मोजायच्या वस्तूंसाठी ‘मो’ असा वेगळा शब्द होता. तो कधीच मेला, कुणी सुतक पाळलं नाही. आज ‘मोर वॉटर’ चालतं, ‘मोर मिस्टेक्स’ही चालतं. मग एकट्या ‘लेस’लाच सोवळं का? आपल्याकडं बघा : औंदा पाऊस कमी, सोयाबीनला शेंगा कमी, भाव त्याहून कमी. तिन्हीला एकच ‘कमी’, आणि कुणाचा काडीचा गोंधळ होत नाही.

बरं, किलोमीटर आणि रुपये मोजता येतात, तरी तिथं नियमवालेही ‘लेस दॅन’च म्हणतात, अंतर आणि रक्कम एकगठ्ठा धरायची म्हणे. ब्रिटनमध्ये टेस्कोच्या दुकानांत थोडक्या वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असायची. त्यावरून बोलणी खाऊन खाऊन २००८ मध्ये त्यांनी ‘अप टू टेन आयटम्स’ करायचं ठरवलं. दोन्ही शब्दांना लांबूनच रामराम!

मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा ‘काय करायलास?’ म्हटलं की खोलीतली पोरं हसायची. त्यांच्या लेखी ती चूक होती, आमच्या घरी ती मराठी होती.

तर मुलीला पेपरात ‘फ्युअर’ लिहू द्या. आणि बाई खुशीत असतील तेव्हा हळूच ‘मो’बद्दल विचारू द्या.