घराबाहेर न जाणाऱ्या मांजरींना पिसवांचे औषध किती दिवसांनी लावावे?

आपल्या दोन्ही मांजरी तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून कधीच बाहेर जात नाहीत, तर त्यांना दर महिन्याला पिसवांचे औषध लावावे का, की पिसवा दिसतील तेव्हाच लावले तरी चालेल, असे आपण विचारले आहे. मुंबईत राहणाऱ्यांसाठी माझे उत्तर एकच आहे: दर महिन्याला, बाराही महिने, आणि दोघींना एकाच दिवशी.

दिसतील तेव्हा लावू, असे मीही काही वर्षे करत असे. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहत होतो. एका मे महिन्यात मांजरीला औषध लावले, तिच्या अंगावर एकही पिसू उरली नाही याची खात्री केली आणि तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही पंधरा दिवसांसाठी कोकणात गावी गेलो. परत येऊन कुलूप काढले, सामान आत घेतले, आणि बघता बघता माझ्या मुलाच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारू लागले. मांजर तर अजून काकूंकडेच होती.

याचे कारण नंतर आमच्या पशुवैद्यांनी समजावले. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के असतात. बाकीचा सगळा पसारा अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने घरातच असतो. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते, आणि ती चिकट नसल्यामुळे मांजर जिथे झोपते तिथे, म्हणजे गोधडीत, सोफ्याच्या खाचेत, लाद्यांच्या फटीत गळून पडतात. कोषातली पिसू कित्येक महिने दबून राहते आणि पावलांचा कंप, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागताच बाहेर उडी घेते. बंद घरात पंधरा दिवस नेमके हेच घडत होते. कोषापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून एकदा पिसवा झाल्या की निदान तीन महिने खंड न पाडता औषध चालू ठेवावे लागते. कोरड्या हवेत अळ्या सुकून मरतात, परंतु आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना वर्षभर पोषक वातावरण मिळते, आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको. जिन्यावर बसणाऱ्या भटक्या मांजरांकडून त्या आपल्या चपला-पायजम्यांबरोबर तिसऱ्या मजल्यावरही पोहोचतात.

फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब साधारण महिनाभर काम करतात. काही नवी औषधे अधिक काळ टिकतात, तेव्हा पाकिटावर लिहिलेले अंतर पाळावे. परंतु लवकर गुण यावा म्हणून ते कमी करू नये. थेंब मानेच्या मागे, जिभेने चाटता येणार नाही अशा जागी, केस बाजूला करून थेट कातडीवर टाकावेत आणि दोन दिवस आंघोळ घालू नये. पांघरुणे गरम पाण्यात धुवावीत, सोफा आणि पलंगाखालची जागा व्हॅक्युम क्लीनरने साफ करावी. मधल्या काळात उवांच्या बारीक फणीने केस विंचरून पाहावे: निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवल्यावर तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजरीचेच पचलेले रक्त आहे.

आणि कळकळीने सांगते, कुत्र्याचे औषध मांजरीला थोडेसेही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजरीचे यकृत ते पचवू शकत नाही. थरथर आणि झटके सुरू होऊन तिचा जीव जाऊ शकतो. कापूर, डांबरगोळ्या आणि सुगंधी तेलेही तिच्यापासून दूर ठेवा. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घरी आले, तर त्याला फक्त फणीने विंचरा आणि पशुवैद्यांना दाखवा, कारण एवढ्याशा जीवाच्या हिरड्या पिसवांच्या चाव्यांनी रक्त कमी होऊन पांढऱ्याफटक पडायला वेळ लागत नाही.