"आई, तू बोलू नकोस, मी सांगतो"

शाळेच्या फाटकाशी वर्गशिक्षिका काहीतरी सांगत होत्या. आईने दोन शब्द पकडले, तिसरा निसटला. ती उत्तराची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात सहा वर्षांच्या मुलाने तिचा हात ओढला. "आई, तू बोलू नकोस, मी सांगतो." आणि त्याने फाडफाड जर्मनमध्ये सांगितलंही. बाई कौतुकाने हसल्या आणि पुढचं सगळं त्याच्याशीच बोलल्या.

मी समुपदेशक आहे, लोकांशी पडद्यावरून बोलते. त्या रात्री या आईने मला मेल केला. त्यात एकच प्रश्न होता : "मॅडम, परदेशात येऊन माणूस मठ्ठ होतो का?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कुणी चिडून विचारतं, कुणी हसण्यावारी नेतं. विचारणारी माणसं बहुतेक वेळा चांगली शिकलेली, आपापल्या कामात मुरलेली असतात, आणि म्हणूनच त्यांना तो जास्त झोंबतो. या आईच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, तिच्याबद्दल लिहिते आहे.

ती दंतवैद्य. मायदेशी आठ वर्षं स्वतःचं क्लिनिक चालवलेली. नवऱ्याला जर्मनीत नोकरी मिळाली, ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना मिळाला, आणि तिघंही गेले. ब्लू कार्डवर जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, शिवाय गेल्या गेल्या नोकरी करायचीही मुभा असते. ऐकायला किती छान. पण या सवलतीमुळेच ती जर्मनचा एक शब्द न शिकता तिथे उतरली. आणि नोकरीची मुभा असली तरी तिच्या कामाची मुभा नव्हती. दंतवैद्यकी करायची तर 'आप्रोबात्सिओन' म्हणजे परवाना लागतो. त्यासाठी त्या त्या राज्याचं कार्यालय पदवी तपासतं, सी-१ म्हणजे बरीच वरच्या पातळीची व्यावसायिक भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि पदवी तिथल्या तोडीची ठरली नाही तर विषयाच्या ज्ञानाचीही परीक्षा होते. दोन वर्षं झाली होती. ती अजून बी-१ च्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, पुस्तकाशी झगडत होती. झगडत होती म्हणण्यापेक्षा, ते पुस्तक उघडत नव्हती.

पहिल्या भेटीत तिने जे सांगितलं ते मी तसंच टिपून ठेवलं आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला की ती घेत नाही. दाराची बेल वाजली तर श्वास रोखून बसते. बागेत इतर आया जिथे बसतात त्याच्या दुसऱ्या टोकाचा बाक धरते. जर्मनीत सरकारी कामाचं बरंच काही अजून टपालाने येतं. तिच्या टेबलाच्या खणात दोन महिन्यांची न फोडलेली पाकिटं होती.

अशा वेळी मी सगळ्यात आधी झोप, भूक आणि जगण्याची इच्छा यांबद्दल सरळ विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर क्षणभरही थांबू नये. जर्मनीत असाल तर ११२ वर फोन करावा, भाषा येवो न येवो. तिची झोप ठीक होती, मुलाबरोबर ती हसत होती, मरणाचा विचार मनात नव्हता. त्यामुळे आम्हाला बोलायला सवड होती.

ती सवड मी पहिल्याच दिवशी वाया घालवली. मी तिला इंग्रजी 'यू' अक्षरासारखी एक रेघ काढून दाखवली. लिस्गार्ड नावाच्या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून परतलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून हे मांडलं होतं : आधी उत्साह, मग घसरण, मग हळूहळू सावरणं. "तुम्ही आत्ता तळाशी आहात, वर याल," असं मी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला तो सुरुवातीचा उत्साह आलाच नव्हता. पहिल्या आठवड्यापासून हे असंच आहे."

तिचं खरं होतं. न्यूझीलंडला शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. मधुचंद्राचा काळ वगैरे काही आढळला नाही. मला हे ठाऊक होतं, तरी सोपी रेघ हाताशी होती म्हणून मी ती पुढे केली. धीर देण्याच्या घाईत मी तिचं ऐकलं नव्हतं, आणि ते मला आजही खटकतं.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, "समजा, मी तुमची पेशंट आहे. खूप घाबरले आहे. माझं रूट कॅनाल करायचंय. मला समजावून सांगा."

तिने आधी डोळे मिटले. मग म्हणाली, "बघा, दाताच्या आत बारीक वाट असते, तिच्यात नस असते. ती नस आतून कुजली की पू बाहेर पडायला जागा नसते, म्हणून ठणका लागतो. मी ती वाट मोकळी करणार, साफ करणार आणि परत बंद करणार, एवढंच. बधिर केल्यावर माझे हात जाणवतील, दुखणार नाही. तरीही दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन."

आवाज बदलला होता, खांदे सरळ झाले होते. पडद्यावर ती बाई मला पहिल्यांदाच दिसत होती. मी विचारलं, "तोंडाचा आ करून खुर्चीत पडलेला पेशंट बोलू शकत नाही. तो तुम्हाला कधी मठ्ठ वाटला का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग रडली. त्या भेटीत मी आणखी काही विचारलं नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ताकानो आणि नोडा या जपानी मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रयोग करून दाखवलं की परकी भाषा वापरत असताना माणसाची विचार करण्याची क्षमता तेवढ्यापुरती खाली येते. त्यांनी लोकांना एकाच वेळी दोन कामं दिली : एक आकडेमोडीसारखं, भाषेशी थेट संबंध नसलेलं, आणि दुसरं प्रश्नोत्तरांचं. प्रश्नोत्तरं परक्या भाषेत असली की पहिलं कामही बिघडायचं. आणि हे जपानी बोलणाऱ्यांना इंग्रजीत झालं तसं इंग्रजी बोलणाऱ्यांना जपानीत झालं. डोक्याची ताकद तेवढीच असते, पण तिचा मोठा हिस्सा शब्द शोधण्यात आणि क्रियापद जागेवर बसवण्यात खर्ची पडतो. विचाराला उरतं ते थोडं. समोरच्याला तुमची उरलेली शिल्लक दिसते. वाईट हे की हळूहळू आपल्यालाही तेवढीच दिसायला लागते.

न उघडलेल्या पुस्तकाबद्दल ती स्वतःला आळशी म्हणायची. 'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का, ही कल्पना सर्वदूर नेणारा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबेर्ग याने १९५४ मध्ये रिओ दी जानेरोला दिलेल्या भाषणात जी लक्षणं सांगितली, त्यांत नव्या देशाची भाषा शिकायला टाळाटाळ करणं, किंवा चक्क नकार देणं, हेही होतं. ते ऐकून ती म्हणाली, "म्हणजे हे दुखण्याचंच लक्षण आहे." हो. ठणकणाऱ्या दाताने कोणी चावत नाही.

तिच्या दुःखाला नाव मात्र नव्हतं. कोणी गेलं की लोक भेटायला येतात, दोन शब्द बोलतात. इथे गेली होती ती 'डॉक्टर' म्हणून हाक ऐकणारी बाई, आणि त्याबद्दल भेटायला कोण येणार? उलट मायदेशीचे लोक म्हणत, "मजा आहे बुवा तुमची." तिने ते दुःख दोन वर्षं लाजेसारखं लपवलं होतं. आमच्या चार भेटी नुसत्या त्या क्लिनिकबद्दल बोलण्यात गेल्या : खुर्ची कोणाला विकली, पाटी कोणी उतरवली, ती आता कुठे आहे. कोणाला वाटेल वेळ फुकट गेला. मला तसं वाटत नाही.

आणि सगळंच तिच्या मनात होतं असंही नाही. जर्मनमध्ये आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे 'दू' आणि 'झी' असतात. रांगेत तिच्या पुढच्या बाईला 'झी' म्हणणारा माणूस तिला 'दू' म्हणाला होता. मराठी कानाला हे समजवावं लागत नाही. कोणी अरे-तुरे केलं की ते पोटात कळतं. तिने विचारलं, "मी उगाच मनाला लावून घेते का?" मी म्हणाले, नाही. अडखळत बोलणाऱ्या माणसाला काही लोक कमी लेखतात. तो त्यांचा दोष. समुपदेशकाने अशा अपमानाला 'तुमचा गैरसमज' म्हणणं मला अन्याय वाटतो.

नवऱ्याला मी एकदा बोलावलं. माणूस प्रेमळ. ऑफिसचं काम इंग्रजीत, पण गरजेपुरतं जर्मन तो शिकला होता, आणि डॉक्टर, बँक, घरमालक सगळीकडे तिच्या वतीने बोलत होता. "मी असताना तिला त्रास कशाला?" असं त्याचं म्हणणं. माझं मत कठोर वाटेल, पण मी ते अनेक घरांत पाहिलं आहे : मायेने केलेली ही मदत माणसाला सगळ्यात लवकर मुकं करते. आम्ही ठरवलं की तो सोबत जाईल, पण ती त्याच्याकडे बघेपर्यंत तोंड उघडणार नाही. पहिल्यांदा एका कार्यालयाच्या खिडकीशी हे करून पाहिलं. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला, खिडकीमागची बाई वैतागली, आणि परतताना ही ट्राममध्ये रडली. नवरा मला म्हणाला, "हे क्रूर आहे." मी म्हटलं, अवघड आहे खरं. पुढच्या वेळी अर्ज घरी वाचून जाऊ या. तसं केल्यावर काम झालं.

पेशंटला ती हात वर करायला सांगायची, तशी खूण तिलाही हवी होती. ती तिने स्वतःच शोधली. एक वाक्य पाठ केलं : "आइनन मोमेंट बिट्टे, इश झूखे दास वोर्ट." एक क्षण थांबा, मी शब्द शोधते आहे. हे वाक्य ती बिनचूक म्हणायची. एवढं स्वच्छ जर्मन ऐकल्यावर समोरचा थांबायचा. मला यातलं सगळ्यात आवडतं ते 'शोधते आहे'. 'मला येत नाही' म्हणणं आणि हे म्हणणं यांत फार अंतर आहे. पाकिटांसाठी मंगळवार सकाळ ठरली, कॅमेऱ्यासमोर, माझ्या सोबतीने. पहिल्या दिवशी तीन फोडली. एकात दंड भरायची नोटीस निघाली, मुदत उलटून गेलेली.

मुलाचं काय? परदेशी गेलेल्या घरांत मुलं आईबापांची दुभाषी होतात, हे जगभर चालतं. मूल शाळेत आणि अंगणात भाषा उचलतं, मोठ्यांना ती वर्गात बसून घ्यावी लागते. मुलाने दुकानात एखादा शब्द सांगितला, पाटी वाचून दाखवली, तर त्यात वावगं काही नाही, त्याला अभिमानच वाटतो. पण दवाखाना, पैसे, सरकारी कागद आणि त्याच्या स्वतःच्या अभ्यासाबद्दलची तक्रार, या चार ठिकाणी मूल मधे नको. तिथे त्याच्या खांद्यावर जे येतं ते त्याच्या वयाचं नसतं. शाळेत गरज पडली तर आधी वेळ ठरवून मोठा दुभाषा मागता येतो का, हे विचारावं. विचारायला लाजू नये.

तिने मुलाला जवळ घेऊन सांगितलं, "माझी चूक झाली तर नंतर सांग. पण मी बोलत असताना माझं बोलणं काढून घ्यायचं नाही."

"आणि तू चुकलीस तर?"

"चुकेन."

तो जरा विचारात पडला म्हणे. घरात मोठी माणसं मुद्दाम चुकायचं ठरवतात, हे त्याला नवीन असावं.

पुढे तिने एका दंतवैद्याच्या क्लिनिकमध्ये दोन आठवडे 'हॉस्पिटाट्सिओन' केलं. यात फक्त शेजारी उभं राहून बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही. मला भीती होती की ते तिला लागेल. लागलंच. पण तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी एक एक्स-रे तिच्यापुढे धरला, आणि तिने मुळाच्या टोकाशी बोट ठेवून एकच शब्द उच्चारला. तो बरोबर होता. त्या संध्याकाळी तिने बी-१ चं पुस्तक काढलं.

त्यानंतर दीड वर्षाने ती भाषेच्या परीक्षेला बसली. साठ मिनिटं : वीस मिनिटं पेशंटशी संभाषण, वीस मिनिटं लेखी नोंद, वीस मिनिटं सहकारी डॉक्टरशी चर्चा. पेशंटशी ती छान बोलली, लेखी नोंदीत अडकली, आणि नापास झाली. तिने मला फोन केला तेव्हा आवाज उतरलेला होता, पण म्हणाली, "वेळ पुरला नाही. लिहायचा वेग वाढवायला हवा." स्वतःला एकही विशेषण तिने लावलं नाही. मी ते ऐकून घेतलं आणि तिला तसं सांगितलंही.

आता आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. मागच्या वेळी परीक्षेचा विषय तिने पाच मिनिटांत संपवला. उरलेला सगळा वेळ ती मुलाबद्दल बोलत होती : मराठीत विचारलं की तो हल्ली जर्मनमध्ये उत्तर देतो, तर त्याला टोकायचं की नाही?