वाचकांचे प्रश्न : यंत्राला समजते का?

प्रश्न : माझी आई दुपारच्या वेळी मोबाइलवरील चॅटबॉटशी मराठीत बोलते, त्याला आपली दुखणीखुपणी सांगते आणि "त्याला माझे सगळे समजते" असे म्हणते. माझा धाकटा भाऊ अभियंता आहे. त्याच्या मते ते यंत्र पुढचा शब्द कोणता येईल एवढाच हिशोब करते. यंत्र खरोखर माणसासारखा विचार आणि संवाद करू शकते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपली आई आणि भाऊ दोघेही एकेक खरी गोष्ट सांगत आहेत, मात्र तिच्यावरून त्यांनी काढलेले निष्कर्ष घाईचे आहेत. यंत्राला अस्खलित बोलता येते, हे आता मान्य करायला हवे. त्या बोलण्यामागे विचार आहे का, हे केवळ बोलणे ऐकून ठरवता येत नाही, आणि ही अडचण जुनी आहे.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात ‘यंत्रे विचार करू शकतात का’ हा प्रश्न बाजूला ठेवून त्याऐवजी एक खेळ सुचवला : प्रश्नकर्त्याने नजरेआड असलेल्या एका माणसाशी आणि एका यंत्राशी केवळ लेखी संभाषण करायचे आणि त्यांतील माणूस कोणता ते ओळखायचे. त्यांनी दिलेल्या नमुन्याच्या संभाषणात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारलेली आहे, आणि सुमारे ३० सेकंद थांबून १०५६२१ हे उत्तर येते. खरी बेरीज १०५७२१ आहे. त्याच लेखात पुढे ट्युरिंग लिहितात, की या खेळात उतरलेले यंत्र गणितात मुद्दाम चुका करील, कारण अचूकपणामुळेच ते ओळखले जाईल. म्हणजे ही कसोटी जितकी यंत्राच्या बुद्धीची आहे, तितकीच माणसाविषयीच्या आपल्या समजुतींची आहे.

याचा प्रत्यय लवकरच आला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी तयार केलेला ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलत असे. त्याची रीत अगदी साधी होती : समोरच्याच्या वाक्यातील ठरावीक शब्द शोधायचे, ‘माझे’ असेल तिथे ‘तुमचे’ करायचे आणि तेच वाक्य प्रश्नासारखे परत करायचे, काहीच सापडले नाही, तर "पुढे सांगा" अशा अर्थाचे काहीतरी म्हणायचे. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी त्याची घडण होताना पाहिली होती, तरीही त्याच्याशी थोडेसे बोलणे होताच त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि पुढे आयुष्यभर यंत्रांच्या अशा वापराविरुद्ध लिहीत राहिले. आपल्या आईंना वाटणारा विश्वास हा त्यामुळे भोळेपणा मानू नये. आपले बोलणे कोणी शांतपणे ऐकून घेत आहे असे वाटले, की माणसाचे मन मोकळे होते, आणि त्यासाठी पलीकडे समज असावीच लागते असे नाही.

आता आपल्या भावाच्या म्हणण्याकडे वळू. आजची भाषिक प्रारूपे, म्हणजे अशा चॅटबॉटना चालवणारे प्रोग्रॅम, प्रचंड मजकुरावर पुढचा शब्दांश ओळखण्याचा सराव करून घडवलेली असतात, हे बरोबर आहे. पण घडवण्याची पद्धत साधी आहे, म्हणून आत काहीच घडत नाही, असे म्हणता येत नाही. ऑथेल्लो या पटावरील खेळाच्या केवळ चालींच्या याद्या देऊन शिकवलेल्या एका लहान प्रारूपाची तपासणी अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या प्रारूपाला पट कधीच दाखवलेला नव्हता. तरीही त्याच्या आत पटावरील सोंगट्यांच्या स्थितीची नोंद तयार झालेली आढळली आणि ती नोंद संशोधकांनी बदलली, तेव्हा त्याच्या पुढच्या चालीही तिला अनुसरून बदलल्या. ही माणसासारखी जाणीव असल्याचा पुरावा नव्हे. पण याला नुसती पोपटपंची म्हणणेही मला पटत नाही. आकलनाचे काही अंश यंत्रात आहेत, आणि ते विषयागणिक कमीजास्त आहेत, एवढे मी म्हणेन.

संवादाच्या बाबतीत मात्र माझे मत अधिक कठोर आहे. माणसे बोलतात तेव्हा प्रत्येकाचे काहीतरी पणाला लागलेले असते. शेजारीण "हे दुखणे अंगावर काढू नका" असे बजावते, दुसऱ्या दिवशी चौकशीला येते, आणि तिचा सल्ला चुकला तर तिला त्याचे वाईट वाटते. यंत्राला स्वतःच्या चुकीची अशी काही झळ बसत नाही. शिवाय या प्रारूपांना माणसांच्या पसंतीनुसार वळण लावले जात असल्याने बोलणाऱ्याला दुजोरा देण्याकडे त्यांचा कल होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला चॅटजीपीटीमधील एक नवा बदल, तो अती खुशामत करतो म्हणून, मागे घ्यावा लागला होता. जो आपल्याला कधी अडवत नाही, त्याच्याशी होणाऱ्या बोलण्यात संवादाचा मोठा भाग गळालेला असतो.

आईंचे बोलणे बंद करू नका. दुखण्याच्या तक्रारी मात्र डॉक्टरांपर्यंत पोहोचतील असे पाहा, आणि भावाला सोबत घेऊन एक प्रयोग करा : आईंना पक्की माहीत असलेली एखादी गोष्ट, घरातील पदार्थाची कृती किंवा गावच्या जत्रेचा महिना, त्या यंत्राला विचारा, उत्तर बरोबर आले तरी ते चूक असल्याचे दोनदा ठासून सांगा, आणि ते कुठपर्यंत आपल्या म्हणण्यावर टिकते ते तिघे मिळून बघा.