दुपारी गायब होणारं निळं फूल

प्रश्न : आमचं शेत पाटोद्याकडं बालाघाटाच्या माळावर आहे, वरचं दोन एकर नुसतं मुरमाड. तिथं गवतात नखाएवढी फिकट निळी फुलं येतात, सकाळी भरपूर, अन् दुपारी जेवून परत गेलं की एकबी नाही. उन्हाळ्यात सगळं वाळतं आणि मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा त्याच जागी फुटतं. आई शंखपुष्पी म्हणते, शेजारचे काका गोकर्ण म्हणतात. फोटो पाठवलाय, नेमकं काय आहे हे?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : फोटो बघून खरंच आनंद झाला. ही विष्णुक्रांता, शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, आपल्या कोरड्या माळावरचीच. गोकर्ण नक्की नाही, गोकर्णाचा वेल आधार मिळाला की वर चढतो आणि त्याला चपट्या शेंगा येतात, ही कशालाच विळखा घालत नाही, जमिनीलगत पसरते आणि फळ म्हणाल तर बारीक गोल बोंड. आईचं मात्र चूक म्हणता येणार नाही, शंखपुष्पी या नावानं हिलाही ओळखतात आणि हिच्याच कुळातल्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसलाही, फक्त तिचं फूल पांढरं नाहीतर फिकट गुलाबी, थोडं मोठं आणि नरसाळ्यासारखं असतं.

पक्की खात्री करायची असेल तर सकाळी नऊ-दहाच्या आत जा, फूल उमललेलं असतानाच, आणि तिथंच खाली बसून बघा. पानावर रेशमासारखी लव असते, कोवळ्या उन्हात अख्खं झाड चंदेरी दिसतं. फुलाचा देठ दोऱ्यासारखा बारीक, पानापेक्षा लांब. मग मोबाईलचा कॅमेरा झूम करून फुलाच्या मधोमध बघा, पाच पुंकेसरांच्या मधे दोन तंतू दिसतील आणि त्या प्रत्येकाला पुढं दोन फाटे, म्हणजे टोकं चार. कॉन्व्हॉल्व्ह्युलसला तंतू एकच आणि टोकाला फाटे दोन. रंगावरून माणूस फसतो, यावरून नाही.

दरवर्षी त्याच जागी का फुटते, तर ही बहुवर्षायू आहे, वरचं वाळलं तरी खाली लाकडासारखं टणक मूळ जिवंत राहतं. म्हणून कळकळीनं सांगतो, कुंडीत लावायला उपटू नका आणि पडीक म्हणून त्या तुकड्यावर जेसीबीही लावू नका. नर्सरीत गडद निळ्या फुलांचं ब्लू डेज मिळतं, ते ब्राझीलकडचं, हिचं भावंड म्हणा, कुंडीची हौस त्याच्यावर भागेल. औषध म्हणून घ्यायचं असेल तर नुसत्या फोटोवर जाऊ नका, ताजी फांदी वैद्यांना दाखवा.