मजुराच्या विरुद्धच उभे राहावे लागते का?

आपण नांदेडला विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात सहायक सरकारी वकील म्हणून कामगार नुकसानभरपाईची अपिले चालवायची झाली तर रोज मजुराच्या विरुद्धच उभे राहावे लागते का, आणि हे काम मन मारून करावे लागते का, असे आपण विचारले आहे. मी हे काम काही वर्षे केले आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो. उभे राहावे लागते, हे खरे आहे. परंतु या कामातला अधिक जबाबदारीचा भाग न्यायालयात जाण्यापूर्वीच, फाइल वाचून विभागाला लेखी मत देताना पार पडतो, आणि माझ्या हातून जी काही खरी सेवा घडली ती बहुतेक 'या प्रकरणात अपील करू नये' असे कारणांसह लिहून देण्यातूनच घडली.

प्रथम सरकार या प्रकरणांत मालक कसे ठरते ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या अपघातांना लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम २(२) नुसार सरकारी विभागाने आपली कर्तव्ये पार पाडणे हाच त्या विभागाचा व्यवसाय किंवा धंदा मानला जातो. त्यामुळे पाटबंधारे विभागाचा कालवा असो की बांधकाम विभागाचा रस्ता, तिथे रोजंदारीवर मेलेल्या माणसाच्या बाबतीत 'सरकार काही धंदा करीत नाही' असा बचाव चालत नाही. काम कंत्राटदाराकडून करून घेतले असले तरी कलम १२ खाली मुख्य मालक म्हणून विभागाकडूनच भरपाई मागता येते. ती दिल्यावर विभागाने कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी योजना आहे. ही वसुली करण्याचा विभागाचा उत्साह मजुराचा दावा नाकारण्याच्या उत्साहाइतका मला कधी दिसला नाही, आणि त्याची खंत आजही वाटते.

दावा या कायद्याखालील भरपाई आयुक्तांपुढे चालतो. आपल्या भागात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश किंवा वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश हे आयुक्त म्हणून काम पाहतात. त्यांच्या निर्णयावर कलम ३० खाली साठ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील होते. पण त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. अपघात झाला की नाही, मयत कामावर होता की नाही, मजुरी किती होती, या वस्तुस्थितीच्या गोष्टींवर आयुक्तांचा निष्कर्ष शेवटचा, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. म्हणून फाइल हाती आली की मी पहिला प्रश्न स्वतःला विचारीत असे, की यात कायद्याचा प्रश्न कोणता? दहा-बारा पाने वाचून तो एका वाक्यात लिहिता आला नाही, तर तो बहुधा नसतोच.

विभाग मात्र अपील करा म्हणतो, आणि त्याचे कारण निष्ठुरपणा असते असे समजू नका. शाखा अभियंत्याचे परिच्छेदनिहाय अभिप्राय उपविभागाकडे जातात, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे, पुढे मंत्रालयात आणि विधी व न्याय विभागाकडे. या साखळीतील कोणाही अधिकाऱ्याला 'निर्णय मान्य करून रक्कम द्यावी' अशी सही करण्याची भीती वाटते, कारण उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्याला द्यावे लागेल. अपील केले तर कोणी काही विचारीत नाही. ही गोष्ट समजायला मला दोन वर्षे लागली. ती समजल्यावर मी मत लिहिण्याची पद्धत बदलली: 'अपील करण्याजोगे नाही' असे एका ओळीत न लिहिता, आयुक्तांपुढील कोणत्या निशाणीवरील (पुराव्यातल्या नोंद क्रमांकावरील) कोणता कागद विभागाच्या विरुद्ध जातो, कोणता निवाडा आड येतो आणि अपील फेटाळले गेल्यास व्याजासह किती रक्कम वाढेल, हे आकड्यांत लिहू लागलो. त्या कागदाच्या आधारावर अधिकाऱ्याला निर्धास्तपणे सही करता यायची.

आकडे म्हणजे काय, तेही सांगतो. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय ४० असेल तर गुणक १८४.१७ आहे. हिशेबासाठी धरावयाचे वेतन ३१ मे २०१० पासून जास्तीत जास्त ८,००० रुपये होते, ते ३ जानेवारी २०२० पासून १५,००० झाले. म्हणजे चाळीस वर्षांच्या मजुराचा मृत्यू २०१९ मध्ये झाला असेल आणि त्याचे वेतन ८,००० धरले गेले असेल, तर भरपाई ७,३६,६८० रुपये होते. ती अपघातापासून एका महिन्याच्या आत दिली नाही तर कलम ४-अ प्रमाणे १२ टक्के सरळ व्याज लागते, म्हणजे वर्षाला सुमारे ८८,४०० रुपये. रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच ठरवलेले आहे. निर्णयाच्या तारखेपासून व्याज मोजावे, हा विभागाचा आवडता मुद्दा तिथेच संपतो. त्याशिवाय मालकाने रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचे प्रमाणपत्र अपिलासोबत जोडावेच लागते. अंदाजपत्रकात तरतूद नाही, कोषागारातून देयक परत आले, अशा कारणांनी ही रक्कम जमा व्हायला महिने जातात, साठ दिवस उलटतात, आणि मग विलंब माफीचा अर्ज लिहिण्याचे काम आपल्याकडे येते. तो अर्ज लिहिताना खोटे कारण कधीही लिहू नका.

एक प्रकरण मी विसरू शकलेलो नाही. कालव्याच्या दुरुस्तीवर असलेला एक रोजंदारी मजूर भराव ढासळून मेला होता. विभागाचे म्हणणे, 'सदर इसम आमच्या आस्थापनेवर नव्हता.' अपील माझ्या आधीच्या वकिलांच्या काळात दाखल झालेले, आणि माझ्याकडे आले तेव्हा रक्कम जमा होऊन तीन वर्षे झाली होती. मयताची पत्नी प्रत्येक तारखेला रात्रभर एसटीने प्रवास करून येत असे, वकिलाने येण्याची गरज नाही असे सांगूनही. एकदा जिन्यापाशी तिने मला थांबवून विचारले, "साहेब, पैसं कोर्टात हायेत म्हनत्यात, मग आम्हाला का भेटंनात?" मी विरुद्ध बाजूचा वकील आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मी तिला तिच्या वकिलांकडेच पाठवले, कारण त्याहून अधिक बोलणे योग्य नव्हते. त्या संध्याकाळी मूळ कागदपत्रे पहिल्या पानापासून वाचली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी शाखा अभियंत्याने उपविभागाला लिहिलेले पत्र निशाणीवर होते, त्यात 'कामावर असताना' हे शब्द होते आणि सोबत हजेरीपटाची प्रत होती. अपिलाच्या मेमोत, म्हणजे दाखल केलेल्या अपील अर्जात, त्या पत्राचा उल्लेखच नव्हता. मी विभागाला अपील मागे घेण्याविषयी लिहिले. उत्तर आले नाही. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारले तेव्हा ते पत्र मी स्वतः उघडून दाखवले आणि माझ्याकडे मागे घेण्याच्या सूचना नाहीत, हेही सांगितले. अपील फेटाळले गेले. सरकारी वकील हा प्रथम न्यायालयाचा अधिकारी असतो. नोंदीवरील कागद लपवून जिंकणे हे त्याचे काम नव्हे.

याचा अर्थ सरकारचे प्रत्येक अपील चुकीचे असते असा घेऊ नका. दंडाचे उदाहरण घ्या. विलंबाला योग्य कारण नसेल तर आयुक्त भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतात, पण त्याआधी कारणे दाखवण्याची संधी दिलीच पाहिजे. ती न देता लावलेल्या दंडाविरुद्ध मी अपील ठामपणे चालवले आहे आणि पुन्हा चालवीन. तसेच परिशिष्टात नसलेल्या दुखापतीत कमाईची क्षमता किती टक्के घटली, हे वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवायचे असते. त्याविना आयुक्तांनी अंदाजे टक्केवारी धरली तर तोही खरा प्रश्न आहे. सरकारी पैसा हा लोकांचाच पैसा आहे आणि अशा ठिकाणी त्याची बाजू मांडताना मला कधी संकोच वाटला नाही.

आपल्या मराठवाड्यातून गेलेला एक निवाडा अवश्य वाचा. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर मोटारसायकलने निघाला होता आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने, अपघात कामावर झाला नाही म्हणून, तो निर्णय रद्द केला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला: घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासाचा वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर तो अपघात नोकरीच्या ओघातच घडलेला धरावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद स्पष्ट शब्दांत आहे, पण त्याआधीच्या अपघातांची प्रकरणे पुढील अनेक वर्षे जुन्या कायद्याखालीच चालतील, म्हणून जुना कायदा शिकणे वाया जाणार नाही. त्या कुटुंबाला बावीस वर्षे लागली, हे निवाडा वाचताना लक्षात ठेवा.

नेमणुकीविषयी थोडेच सांगतो. ती १९८४ च्या महाराष्ट्र विधी अधिकारी नियमांखाली होते, ठरावीक मुदतीची असते आणि कायम नोकरी नसते. तेव्हा आधी काही वर्षे स्वतंत्र वकिली करून मगच इकडे या, आणि शक्य असेल तर ती वर्षे मजुरांच्या बाजूने आयुक्तांपुढे काढा. आता परीक्षा होईपर्यंत एक गोष्ट करता येईल: नांदेडच्या कामगार न्यायालयात भरपाईचा दावा बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) असेल त्या दिवशी मागच्या बाकावर बसा आणि मयताच्या पत्नीची उलटतपासणी पूर्ण ऐका. 'तुमचे पती नेमके किती मजुरी आणत?' या प्रश्नाला ती काय उत्तर देते आणि ते नोंदीवर कोणत्या शब्दांत उतरते, हे टिपून ठेवा. पुढे अपिलात आपल्या हाती येईल ते त्या नोंदीतले वाक्य असेल.