‘मायग्रेन’ हा शब्द संस्कृतमधून आलाय का?

नाही. ग्रीक आहे. हेमिक्रानिया, म्हणजे अर्धी कवटी. इसवी सनाच्या २ऱ्या शतकातल्या गेलेन वैद्याच्या लिखाणात सापडतो, तिथून लॅटिनमध्ये गेला, बोलता बोलता पुढचा ‘हे’ गळाला, फ्रेंचांनी ‘मिग्रेन’ केलं आणि इंग्रजीने ते उचललं.

पण तुमच्या प्रश्नाने आमच्या दाजींची आठवण झाली म्हणून लिहितेय. ताईच्या साखरपुड्याच्या दिवशी माझं डोकं उठलं होतं, कपाळाला सुंठेचा लेप लावून आतल्या खोलीत अंधार करून पडले होते. आजीने पाहुण्यांना सांगितलं, तिची अर्धशिशी उठलीये. तर दाजी (औषध कंपनीत एमआर) म्हणतात, "अर्धी शिशी? मग उरलेली कोण प्यायलं?" सगळे हसले. वर मला लेक्चर, की मायग्रेन म्हणावं, तो सायंटिफिक शब्द, अर्धशिशी गावठी. मला उलट्या होत होत्या, काय बोलणार!

अहो, शिशी म्हणजे बाटली नाही तिथे, शीर्ष आहे. अर्धं डोकं. ग्रीकमध्येही तेच! सुश्रुतसंहितेत याच दुखण्याला अर्धावभेदक म्हटलंय. म्हणजे माझी आजी आणि गेलेन एकच बोलत होते.

हे सगळं एका दिवाळीत दाजींना ऐकवलं तर लगेच पलटी, "बघ, म्हणजे त्यांनी आपल्याकडूनच चोरलाय!" डोकंच फिरलं माझं. चोरीबिरी काही नाही हो, भाषा चुलत बहिणी आहेत. मूळचा स ग्रीकमध्ये ह होतो, आपलं सप्त तिकडे हेप्टा, तसं हेमि म्हणजे संस्कृतातलं सामि, अर्थ अर्धं. क्रानिऑन आणि शिरस् पण एकाच कुळातले. आपला ‘अर्ध’ मात्र वेगळा शब्द, तेव्हा नाव इकडून तिकडे गेलं नाही, दोघांचं डोकं सारखंच दुखलं एवढंच.

त्यामुळे कोणी अर्धशिशीला गावठी म्हणालं तर गप्प बसू नका, विशेषतः जावई असेल तर.

आणि हो, नावात अर्धं असलं तरी बऱ्याच जणांचं दोन्ही बाजूंनी दुखतं, म्हणून नावावरून स्वतःच निदान करू नका, डॉक्टरला दाखवा. पहाटे दूध-जिलबी खाल्ल्याने माझं तरी कधी थांबलं नाही.